मुलीसाठी निसर्गातलं इंग्रजी नाव निवडायचंय? आमच्या घरी कसं निवडलं ते सगळं, पायरी पायरीनं

डिसेंबरमध्ये भावाला मुलगी झाली आणि चौथ्याच दिवशी वहिनीचा माहेरून फोन आला, म्हणाली ताई, बारशाला कानात नाव तुम्हीच सांगणार तर निवडायलाही तुम्हीच मदत करा, फक्त माझी एक अट आहे, नाव इंग्रजी हवं आणि फुलाचं, झाडाचं, म्हणजे निसर्गातलं काहीतरी हवं.

पहिल्यांदा मला जरा लागलंच. आपल्याकडे जाई आहे, जुई आहे, शर्वरी आहे, मंजिरी आहे, हे सगळं सोडून इंग्रजी कशाला? पण भाऊ-वहिनी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला राहतात, बाळंतपणासाठी ती इंदूरला रामबागेत माहेरी आली होती, आणि तिनं जे सांगितलं ते मला पटलं. तिथं गेल्यापासून दर फोनला, दर काउंटरला ती स्वतःचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगते, आणि तरी समोरचा ते मोडूनच म्हणतो. मुलीला हे रोज करायला लागू नये एवढंच तिचं म्हणणं होतं. मग मी वही घेतली आणि आठ दिवस दुसरं काही केलं नाही. त्यात जे समजलं ते इथं सविस्तर लिहितेय, कारण आता प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेर आहे आणि हा प्रश्न खूप जणांना पडतो. इंदूरच्या मराठी घराच्या नजरेतून लिहितेय, तुम्ही पुण्यात किंवा बडोद्यात असाल तर थोडं इकडचं तिकडे करून घ्या.

आधी ठरवा, हे नाव कुणाकुणाच्या तोंडी बसायला हवं

यादी काढायच्या आधी हे करा, प्लीज. आमच्याकडे तीन तोंडं निघाली. एक माझी आई, म्हणजे बाळाची आजी, वय पंचाहत्तर, घरात फक्त मराठी. दुसरं म्हणजे इंदूर, शेजारच्या भाभी, पोहेवाला, पुढेमागे इकडची शाळा, सगळं हिंदी. आणि तिसरं लीड्स. नाव या तिघांकडे गेलं पाहिजे आणि तिन्हीकडून धडधाकट परत आलं पाहिजे. एखादं नाव इंग्रजीत कितीही गोड असलं आणि आजीलाच म्हणता येत नसलं तर ती ते टाळायला लागते, नुसतं बाळ बाळ करत राहते, आणि मग नातीला आजीच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायलाच मिळत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

लांब यादी: नावं शोधू नका, वस्तू शोधा

नेटवर नावांच्या याद्या आहेत त्यात एका पानावर पाचशे नावं असतात, वाचून डोकं फिरतं आणि शेवटी सगळी सारखीच वाटायला लागतात. त्यापेक्षा आधी विचार करा की निसर्गातलं नक्की काय तुम्हाला जवळचं आहे. फूल, झाड, पक्षी, पाणी, आकाश, ऋतू, रत्न? वहिनीला फुलं आणि झाडं, भावाला आकाशातलं काही, असं निघालं.

फुलांमध्ये सगळ्यात जास्त नावं आहेत, आणि त्याला कारण आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी इंग्लंडमध्ये मुलींना फुलांची नावं ठेवायची लाटच आली होती. रोझ, लिली, व्हायलेट, डेझी, आयव्ही, पॉपी, आयरिस, प्रिमरोझ. यातल्या काही नावांचे अर्थ इतके सुंदर आहेत की मी वहीत वेगळे लिहून ठेवले. आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवी. रोझमेरीचं मूळ लॅटिनमध्ये आहे, समुद्राचं दव. डेझी हे जुन्या इंग्रजीतल्या 'दिवसाचा डोळा' या शब्दांवरून आलं, कारण ते फूल रात्री मिटतं आणि सकाळी परत उघडतं. डाहलिया म्हणजे आपल्या बागांमधला डेलिया, मूळचा मेक्सिकोचा, स्वीडनच्या डाल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवलेला, आणि गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये त्याचा उच्चार आपल्या माळीकाकांसारखा डेलियाच करतात. कमीलिया हे चहाच्याच कुळातलं फूल, चहाच्या झाडाचं शास्त्रीय नावच कमीलिया सायनेन्सिस आहे. आणि जॅस्मिन तर फारसीतल्या यासमीनवरून फिरत फिरत इंग्रजीत गेलेलं, म्हणजे आपल्या जाई-जुईचंच कूळ.

झाडांमध्ये विलो, हेझल, ऑलिव्ह, लॉरेल, हॉली, फर्न. ऑलिव्हिया हे नावही ऑलिव्हच्याच घरातलं आणि इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं मुलींच्या नावांत पहिल्या नंबरवर आहे. पक्ष्यांत रॉबिन, रेन, लार्क. आकाश आणि ऋतूंमध्ये स्काय, डॉन म्हणजे पहाट, समर, ऑटम, ऑरोरा, लूना, स्टेला (ही शेवटची तीन खरं तर लॅटिन आहेत पण इंग्रजीत रुळलीत). रत्नांत पर्ल, रुबी, ॲम्बर, कोरल, ओपल, जेड.

तीसेक नावं झाली की थांबा. जास्त नको.

सगळी नावं देवनागरीत लिहा आणि मोठ्यानं वाचा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हीच कुणी करत नाही, कारण सगळे इंग्रजी अक्षरांत यादी बघतात, तिथं सगळी नावं छानच दिसतात. नाव देवनागरीत लिहिलं आणि आजीला नुसतं वाचून दाखवलं, अर्थ न सांगता, की खरं काय ते कळतं. आमच्या यादीतली निम्मी नावं या एका संध्याकाळी गळली.

जून. वहिनीला फार आवडलं होतं. आईनं विचारलं, जून म्हणजे, भेंडी जून निघते तसं? झालं, ते नाव गेलं. मराठी घरात मुलीला जून म्हणून हाक मारणं शक्यच नाही.

समर. इंग्रजीत उन्हाळा, इंग्लंडमध्ये उन्हाळा म्हणजे वर्षातला सगळ्यात सुखाचा काळ, पण मराठीत आणि हिंदीत समर म्हणजे युद्ध, आणि वर आपल्याकडे ते मुलाचं नाव आहे.

हॉली. डिसेंबरचा जन्म म्हणून भावानं सुचवलं होतं, कारण हे लाल फळांचं सदाहरित झुडूप ख्रिसमसच्या सजावटीत असतं. पण इंदूरमध्ये हॉली लिहिलं की लोक होळीच वाचणार, होली, आणि ज्या शहरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला लाखो लोक राजवाड्यावर जमतात तिथं या मुलीला वर्षभर तेच ऐकायला लागणार.

आयव्ही. लहान, गोंडस, इंग्लंडमध्ये सध्या खूप चालणारं नाव, भिंतीवर चढणारी हिरवी वेल. पण ज्या घरात कुणी ॲडमिट झालंय तिथं आयव्ही म्हणजे सलाईन. वहिनी नुकतीच दवाखान्यातून आली होती, हातावर सुईची खूण होती अजून. तिनंच खोडलं.

डॉन म्हणजे पहाट, अर्थ किती चांगला, पण देवनागरीत वाचून बघा. रोझ हिंदीत रोज होतं, 'रोज आई क्या?' असा प्रश्न कुणी विचारला तर अर्थच बदलतो. सेज ही इंग्रजीत सुगंधी वनस्पती आहे, हिंदीत सेज म्हणजे शय्या. मर्टलची सुरुवात 'मर'नं होते, तेवढं एक कारण मला पुरेसं वाटलं. बे, म्हणजे तमालपत्रासारख्या पानाचं झाड, इंदूरच्या रस्त्यावर 'क्या बे' ऐकलेल्याला हे नाव समजावायला नको. रेन म्हणजे पाऊस आणि रेन म्हणजे तो इवलासा पक्षी, दोन्ही इंग्रजीत स्पेलिंगनं आणि उच्चारानं वेगळे पण देवनागरीत लिहिले की एकच, कुणाला कोणता ते आयुष्यभर सांगत बसावं लागेल. लूना म्हणजे चंद्र, पण आपल्या बाबांच्या पिढीला १९७२ साली आलेली मोपेड आठवते, आणि आमच्या बाबांनी त्यावर बसून नोकरी केलीय, त्यांना ते नाव गाडीचंच वाटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत त्या गाडीबद्दल इतकी माया दिसली की मला ते नाव खोडताना वाईट वाटलं.

ॲम्बर मला वैयक्तिक फार आवडलं होतं. झाडाची राळ लाखो वर्षं जमिनीत राहून दगडासारखी होते, मधाच्या रंगाची, ते ॲम्बर. देवनागरीत सैल हातानं लिहिलं की अंबर होतं, म्हणजे आकाश. दोन्ही अर्थ निसर्गातलेच, दोन्ही चांगले, फक्त अंबर मुलाचंही नाव असतं. हे नाव आम्ही शेवटपर्यंत ठेवलं होतं.

कोरलचं काय झालं, भाऊ म्हणाला कोरल आणि मामा म्हणाले चोरल? आपल्या खंडवा रोडच्या पलीकडचं चोरल, तिथलं डॅम, जिथं प्रत्येक इंदूरकर पावसाळ्यात पिकनिकला जातो. वाईट अर्थ नाही काही, पण मुलीची ओळख डॅमवरून व्हायला नको असं सगळ्यांना वाटलं.

आणि पॉपी. याच्यावर आमची खरी चर्चा झाली. इंग्लंडमध्ये हे मुलीचं अगदी चालू आणि लाडकं नाव आहे, आणि दर नोव्हेंबरला युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत लोक कोटाला लाल पॉपी लावतात, ११ नोव्हेंबरला स्मृतिदिन असतो. मानाचं फूल आहे ते. पण आपण माळव्यात राहतो, मंदसौर-नीमचच्या शेतात सरकारी परवान्यानं अफू पिकते, इथं पॉपी म्हणजे सरळ अफू-डोडा. शेतातलं लाल पॉपी आणि अफूचं पॉपी या एकाच कुळातल्या दोन वेगळ्या जाती आहेत, पण हे बारशाला आलेल्या प्रत्येकाला कोण समजावणार? वर मराठीत पपी म्हणजे पापा आणि पपी म्हणजे कुत्र्याचं पिल्लूही. लीड्सला शंभर टक्के चालेल, इंदूरला अवघड जाईल. खोडलं.

आता नावाला विभक्ती लावा आणि गच्चीवरून हाक मारा

मराठीत नाव एकटं राहत नाही, त्याला ला-ची-नं-शी लागतं, आणि दिवसातून शंभरदा लागतं. म्हणून प्रत्येक नाव असं म्हणून बघा: हेझलला दूध दे, हेझलचं झबलं, हेझलनं रडायला सुरुवात केली. हेझलला म्हणताना दोन ल एकमेकांवर आपटतात, पर्ललाही तसंच. विलोला, विलोचं, हे जरा परकं वाटतं पण सवय होईल. लिलीला, डेझीला, रुबीला, ही ईकारान्त नावं मराठीत अगदी सुमी-शकूसारखी बसतात. आणि लाडानं हाक मारताना आपण सुमे, शके म्हणतो तसं 'डेझे, इकडे ये गं' हे आईच्या तोंडून आपोआप आलं, तिला कुणी शिकवलं नाही. मला तिथंच जरा आतून वाटलं की हे नाव राहणार.

उच्चारात तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे झ. मराठी झ हा झाडातला, इंग्रजी झेडच्या जवळचा, म्हणून आजी हेझल आणि डेझी बरोबर म्हणते, पण हिंदीत नुक्ता न देता ज लिहितात म्हणून बाहेर ते हेजल आणि डेजी होणार, याची तयारी ठेवा. दुसरं व. इंग्रजीत व्हायलेटचा व आणि विलोचा व वेगळे आहेत, व्हायलेटला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, विलोला ओठ गोल होतात, आपण दोन्ही मधल्यासारखे म्हणतो, त्यामुळे इंग्रज माणूस आपलं व्हायलेट ऐकून गोंधळू शकतो. तिसरं ॲ आणि ऑ. जॅस्मिन, मॅग्नोलिया हिंदीत जैस्मिन, मैग्नोलिया होतात, कागदपत्रांत तेच येणार. चालत असेल तर चालतं.

मग खरंच गच्चीवर जा आणि खालच्या अंगणात मुलगी खेळतेय असं समजून मोठ्यानं हाक मारा. एका अक्षराची नावं, फर्न, जेड, स्काय, लांबवर जातच नाहीत, हवेत विरतात. दोन अक्षरी आणि शेवटी स्वर असलेलं नाव लांबवता येतं, लिलीऽऽ, डेझीऽऽ. आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत मी हे केलं तेव्हा समोरच्या भाभी बाहेर आल्या, त्यांनाही विचारून घेतलं कोणतं नीट ऐकू आलं.

इंग्रजीतली बाजू: तिथल्या लोकांना हे नाव कसं वाटतं

हे आपल्याला इथं बसून कळत नाही म्हणून तिथं राहणाऱ्या माणसाला विचाराच. प्रत्येक नावाचं तिथं एक वय असतं, जसं आपल्याकडे सुशीला म्हटलं की एक पिढी डोळ्यांसमोर येते. हेदर, म्हणजे स्कॉटलंडच्या माळरानावरचं जांभळं फुलझुडूप, हे नाव अमेरिकेत १९७० च्या दशकात घरोघरी होतं, त्यामुळे आज हेदर म्हणजे कुणाची तरी आई. उलट हेझल, आयव्ही, व्हायलेट ही पणजीच्या काळातली नावं आता परत आलीत आणि ताजी वाटतात. हे तपासायला फुकट साधन आहे, अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या वेबसाइटवर १८८० पासूनची बाळांची नावं वर्षावार बघता येतात, इंग्लंड-वेल्सची त्यांचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी काढतं. तुमच्या नावाचा आलेख वर चाललाय की खाली ते बघा. अगदी पहिल्या पाचात असेल तर वर्गात त्याच नावाच्या आणखी दोघी असणार हेही लक्षात घ्या.

दुसरं, फुलामागचे रूढ अर्थ. विलोच्या खाली झुकलेल्या फांद्यांमुळे इंग्रजीत तो दुःखाशी, विरहाशी जोडलेला आहे. बाबांना मात्र विलो म्हटलं की बॅटच दिसते, इंग्लिश विलो, काश्मीर विलो, आणि सी. के. नायडू ज्या होळकर संघाकडून खेळले त्या गावातल्या माणसाला ते दिसणारच. पॅन्झी हे फूल सुंदर, इंदूरच्या बागांमध्ये थंडीत भरपूर असतं, पण इंग्रजीत तो बायकी पुरुषाला हिणवायचा जुना शब्द आहे, म्हणून नको. रॉबिन मुलगा-मुलगी दोघांना चालतं पण इथं ते मुलाचंच समजतात. डेझीबद्दलही सांगते, मेलेल्या माणसाला पुरल्यावर त्याच्यावर डेझी उगवतात अशा अर्थाचा एक वाक्प्रचार इंग्रजीत आहे. वहिनीनं तिच्या तिथल्या मैत्रिणींना विचारलं, त्या म्हणाल्या कुणाच्या मनातही येत नाही, इतकं नाव रुळलेलं आहे.

आणि हे शोधताना एक गोष्ट सापडली जी माझ्यासाठी फार मोठी होती. डेझी हे मार्गारेटचं घरातलं नाव म्हणून इंग्रजीत जुन्या काळापासून चालतं, कारण फ्रेंचमध्ये डेझीच्या फुलाला मार्गरित म्हणतात, आणि मार्गारेट हे मूळ ग्रीक शब्दावरून आलंय ज्याचा अर्थ मोती. आमच्या पणजीचं नाव मोत्याच्या अर्थाचं होतं. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, अगं मग हे घरातलंच नाव झालं की.

ती वस्तू मुलीला दाखवता येईल का?

माझा स्वतःचा सगळ्यात मोठा आग्रह हा आहे. निसर्गातलं नाव ठेवायचं तर ती गोष्ट मुलीच्या हातात देता आली पाहिजे, नाहीतर ते नुसतं नाव राहतं, निसर्ग राहत नाही. ती तीन वर्षांची झाली की विचारणार, माझं नाव म्हणजे काय? तेव्हा तिला मोबाईलवर फोटो दाखवायचा की हात धरून बागेत न्यायचं?

म्हणून यादीत उरलेल्या प्रत्येक नावापुढे लिहा, इथं कुठे दिसेल आणि तिथं कुठे दिसेल. हेझलचं झाड इंदूरमध्ये मी पाहिलेलं नाही, चॉकलेटातला हेझलनट तेवढा दाखवता येईल. हेदर नाहीच. जॅस्मिन कुंपणाकुंपणावर. झिनिया, डेलिया, पिटुनिया इथल्या नर्सऱ्यांमध्ये मिळतात. लिली म्हणाल तर पहिल्या पावसानंतर कुंडीत फुलते ती रेन लिली आहे, आणि तळ्यातली वॉटर लिली, म्हणजे आपलं कुमुद, पण शास्त्राच्या हिशोबानं या दोन्ही खऱ्या लिलीच्या कुळातल्या नाहीत. लहान मुलीला त्यानं काही फरक पडत नाही.

डेझीचं असं, की इंग्लंडमध्ये ती हिरवळीवर आपोआप उगवते, कुणी लावायला लागत नाही, आणि तिथली मुलं देठाला नखानं चीर पाडून एकात एक ओवून तिच्या माळा करतात, डोक्यात घालतात. वहिनीनं हे सांगितल्यावर मी म्हटलं ही तर वेणीच झाली! इथं डेझी थंडीत नर्सरीत मिळते, आणि नाही मिळाली तर शेवंती आहे, डेझी आणि शेवंती एकाच कुळातल्या, झेंडू आणि सूर्यफूलही त्यातलेच. म्हणजे ही मुलगी लीड्सला डेझीची माळ करेल आणि इंदूरला आजीकडे आली की शेवंतीची वेणी माळेल, फूल जवळपास तेच. हे सुचल्यावर माझा निर्णय झाला होता खरं तर.

एकच अडचण उरली होती, दोन गल्ल्या सोडून एका घरातल्या पामेरियनचं नाव डेझी आहे. हसू नका, हे तपासायलाच हवं, आपल्याकडे डेझी, रुबी, ब्राउनी ही कुत्र्यांची नावं फार असतात आणि मुलांना शाळेत यावरून चिडवतात. दोन दिवस आम्ही यावर अडलो. शेवटी आईच म्हणाली, राजा नावाची कुत्री काय कमी आहेत, म्हणून कुणी राजाराम ठेवायचं सोडलं का?

पत्रिकेचं अक्षर

ज्यांना बघायचं नाही त्यांनी ही पायरी सोडून द्या. ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी, अक्षर उच्चारावरून धरतात, इंग्रजी स्पेलिंगवरून नाही. लिली म्हणजे ली, भरणीचं पहिलं चरण. हेझल हे, पुष्य. डेझी डे, आश्लेषा. रुबी रू, स्वाती. विलो वी, रोहिणी. जॅस्मिनला जा धरतात, उत्तराषाढा. ण, ठ, ङ अशी अक्षरं आली तर इंग्रजी नाव शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि अक्षर जुळलं नाही तरी अडत नाही, आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं ही सोय आधीपासूनच आहे. आमच्या बाळाचं स्वातीचं 'रे' आलं, आणि 'रे' म्हटल्याबरोबर बाबा म्हणाले रेवा. नर्मदेचं नाव. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी पिऊन आम्ही सगळे वाढलो, त्यामुळे यावर कुणाचं काही म्हणणंच नव्हतं. पाळण्यातलं नावही निसर्गातलंच निघालं, नदीचं.

कागदावर कसं जाणार ते बारशाआधी ठरवा

घाई करू नका, पण नियम माहीत असू द्या. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, दवाखान्यात जन्म असेल तर माहिती तेच पाठवतात. नोंद नावाशिवायही होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे, नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे दवाखान्यात फॉर्म पुढे केला म्हणून दडपणाखाली काहीही लिहू नका, रकाना रिकामा सोडा. पण एकदा नाव चढलं की बदलणं किचकट आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग पुढे आयुष्यभर सोबत राहणार.

स्पेलिंग साधं ठेवा. अंकशास्त्रासाठी जास्तीचा एल किंवा आय घुसवला की ज्या कारणासाठी इंग्रजी नाव घेतलं तेच कारण संपतं, मुलगी परत एकेक अक्षर सांगत बसणार. पूर्ण नाव आडनावासकट म्हणून बघा, लिली लेले, डेझी देशपांडे, विलो वैद्य, सुरुवातीची अक्षरं फार जुळली तर गाण्यासारखं वाटतं, ते तुम्हाला आवडतंय का बघा. मधल्या नावाचाही विचार करा, आपल्या पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळा रकाना नसतो, बरेच जण वडिलांचं नाव गिव्हन नेममध्येच टाकतात आणि मग बाहेरच्या देशात मुलीचं दुसरं नाव म्हणून बापाचं नाव दिसतं. आम्ही मधे रेवा ठेवलं. डेझी रेवा आणि मग आडनाव.

अर्जावर नाव इंग्रजीत ठळक कॅपिटल अक्षरांत आणि हिंदीतही स्वतःच लिहून द्या, ऑपरेटरच्या अंदाजावर सोडू नका, आणि दाखला हातात आल्यावर खिडकी सोडायच्या आधी दोन्ही भाषांतलं वाचा.

बाराव्या दिवशी बारसं झालं. घुगऱ्या, पाळण्याला शेवंतीच्या माळा, गोविंद घ्या गोपाळ घ्या, सगळं रीतसर. मी वाकून कानात आधी रेवा म्हटलं, मग डेझी, मग कुर्रर्र, आणि पाठीवर धपाधप बसल्या. पुढच्या आठवड्यात भाऊ दाखला घेऊन आला. इंग्रजी स्पेलिंग बरोबर होतं. हिंदीत 'डेजी' आलं होतं, ज च्या खालचा नुक्ता गाळला होता, आम्ही लिहून दिला होता तरी. भाऊ परत जाऊन दुरुस्त करून आणतो म्हणाला, पण वहिनीनंच नको म्हटलं, समोरच्या भाभी तिला आत्तापासून डेजीच म्हणतात, असू दे.